जोडपानांतला भाडेकरू कोण?

प्रश्न : अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात व्हाइट ओक या झाडाची दोन-दोन पानं एकावर एक सपाट चिकटलेली दिसली. आत बारीक अळी होती. ती कशाची? वाढवून बघता येईल का?

उत्तर : सायलोकॉर्सिस या पतंग-प्रजातीची असू शकते. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ क्लेमेन्स यांनी १८६० मध्ये या प्रजातीचं वर्णन केलं. तिच्या काही जाती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ओक आणि बीच या झाडांच्या जंगलांत राहतात. अळी पान गुंडाळत नाही, एकमेकांवर आलेली पानं रेशमाने जोडते आणि आतून हिरवा भाग खरवडून शिरांचं जाळं मागे ठेवते. मात्र पानं जोडणारे इतरही पतंग आहेत, शिवाय एकाने बांधलेल्या घरात दुसरा राहायला येतो. त्यामुळे नुसत्या घरावरून नाव ठरवू नका, पतंग बाहेर येऊ द्या.

जोडी देठासकट तोडून झाकणाच्या डबीत, किंचित ओलसर टिश्यूवर ठेवा. पाणी जास्त झालं की विष्ठेवर बुरशी धरते आणि अळी मरते. त्यासाठी विष्ठा रोज काढा. पान सुकू लागलं की जोडी उचकटू नका, रेशमाबरोबर अळीही दुखावते. त्याच झाडाचं ताजं पान वर क्लिपने लावा, ती आपण होऊन सरकते.

हंगामाच्या शेवटच्या अळ्या कोषावस्थेत पालापाचोळ्यात हिवाळा काढतात. हे कोष उबदार खोलीत ठेवलेत तर सुकतात, म्हणून ते ओलसर पाचोळ्यासह थंड, सावलीच्या जागी ठेवा. आणि झाडाखालचा पाचोळा कृपया जाळू नका!