घर आपलं, पण दर्शनी भाग गल्लीचा

प्रश्न : फोंताइन्हासमध्ये आजोबांचं कौलारू घर आहे. मुलाचं लग्न ठरलंय. वर स्लॅबची खोली आणि मागे न्हाणीघर काढायचं आहे. कंत्राटदार म्हणतो, घर तुमचं, विचारायचं कुणाला? – एक वाचक, पणजी

उत्तर : विचारावं लागेल, काका. फोंताइन्हास ही पणजीतली जुनी वस्ती संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जुन्या वास्तूंचं रूप जपायच्या भागात येते. महापालिकेच्या परवान्याआधी प्रस्ताव संवर्धन समितीपुढे जातो. तिथे पहिला प्रश्न हाच येईल : गल्लीतून काय दिसणार? कौलांवर डोकावणारी स्लॅबची खोली अडकेल, असं मला वाटतं. मागचं न्हाणीघर बेताच्या उंचीचं ठेवलंत, तर त्याला आशा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी स्लॅबची धास्ती मलाच वाटते. जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. त्यांच्यावर काँक्रिटचं ओझं टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया उघडून दाखवा. आणि सिमेंटचा गिलावा तर नकोच! चिरा पावसाळ्यात पाणी पितो, चुना ते सुकू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग आतून पोपडे धरतात आणि आपण दोष देतो रंगाला. माझ्या मावशीच्या घरी हेच झालं, दोन पावसाळ्यांत.

माळ्याची उंची आधी मोजा. आढ्याखाली उभं राहता येत असेल, तर लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, घालून तिथेच खोली निघते. कौलं जागेवर राहतात. समितीकडे जाणाऱ्या नकाशासोबत चारही बाजूंचे फोटो जोडा, शेजारच्या दोन्ही घरांसकट. कंत्राटदाराला मात्र परवाना हाती येईपर्यंत फावडं लावू देऊ नका.