कोड सेन्सरचा, दोष पाच व्होल्टचा

वाचकांचे प्रश्न : वाहन-दुरुस्ती

प्रश्न : माझी पेट्रोल कार सात वर्षे जुनी आहे. गेले दोन महिने सांगलीहून जयसिंगपूरकडे जाताना अंकली पुलाच्या आसपास ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पिकअप घेत नाही आणि त्याच वेळी एसीही बंद पडतो. गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली की सगळे ठीक होते. स्कॅनरवर पी०१२२, पी०१०७ आणि पी०६४२ असे तीन कोड आले. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी आणि मॅप सेन्सर बदलून दिले, पण आठव्या दिवशी तेच कोड पुन्हा आले. आता ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) बदलावा लागेल असे सांगितले जाते. बदलावा का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण ईसीयू आत्ता बदलू नये. या तीन कोडांपैकी ज्यावर कोणत्याही सेन्सरचे नाव नाही, तोच सर्वांत बोलका आहे आणि नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष झालेले दिसते. पी०१२२ म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, किती उघडी आहे हे सांगणारा) सिग्नल कमी, पी०१०७ म्हणजे मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) सिग्नल कमी. पी०६४२ मात्र असे सांगतो की, या सेन्सरांना ईसीयू जे रेफरन्स व्होल्टेज पुरवतो, तेच कमी पडते आहे. ज्याला पुरवठाच मिळत नाही त्याचा सिग्नल कमी येणारच. त्यात त्या सेन्सरचा दोष नाही.

बॅटरीचे व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १४ च्या आसपास असते. सेन्सरला असा वरखाली होणारा पुरवठा चालत नाही, म्हणून ईसीयू आपल्या आत स्थिर ५ व्होल्ट तयार करून ते बाहेर पाठवतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सर त्या ५ व्होल्टचा काही हिस्सा सिग्नल म्हणून परत देतो. थ्रॉटल निम्मा उघडलेला असताना २.५ व्होल्ट परत यायला हवे असतील आणि पुरवठाच ३ व्होल्टवर घसरला असेल, तर १.५ व्होल्टच परत येतील. बहुतेक सेन्सरांचा कामाचा पट्टा ०.५ ते ४.५ व्होल्ट असा ठेवलेला असतो. दोन्ही टोकांना मुद्दाम जागा सोडलेली असते, कारण सिग्नल त्या पट्ट्याबाहेर गेला की वायर तुटली किंवा शॉर्ट झाली हे ईसीयूला ओळखता येते.

आता मुख्य मुद्दा. ही ५ व्होल्टची लाइन प्रत्येक सेन्सरसाठी वेगळी नसते. एकाच लाइनवर तीन-चार सेन्सर जोडलेले असतात. आपल्या भागात नदीवरून उपसा करून एकाच पाइपलाइनवर अनेक शेतकऱ्यांचे व्हॉल्व्ह असतात. त्यातल्या एकाच्या शेतात पाइप फुटला, तर बाकी सगळ्यांच्या शेतातला दाब जातो. जिथे पाणी येत नाही तिथले व्हॉल्व्ह बदलून त्याचा उपयोग होत नाही. आपल्या गाडीत नेमके तेच झाले असावे. आपल्या पत्रातला एसीचा उल्लेख म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक गाड्यांत एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सरही याच लाइनवर असतो आणि तो कंडेन्सरजवळ, चिखल-पाणी थेट लागेल अशा जागी बसवलेला असतो. अर्थात, थ्रॉटलचा कोड आला की काही गाड्यांत ईसीयू स्वतःच एसी तोडतो, म्हणून हा पुरावा नव्हे. पण तपासाची सुरुवात तिथून करावी.

तपास असा करावा. चावी ऑन ठेवावी, इंजिन सुरू करू नये. मॅप सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून त्यातील रेफरन्स आणि अर्थ (अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्हची) या पिनांमध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे, ते ४.९ ते ५.१ असायला हवे. दोष गाडी हलल्यावर येत असल्याने गॅरेजमध्ये ते बहुधा बरोबरच दिसेल, म्हणून मीटर लावलेला ठेवून वायरिंगचा हार्नेस (वायरींची जुडी) जागोजागी हलवावा, विशेषतः तो जिथे ब्रॅकेटला घासतो किंवा इंजिनच्या गरम भागाजवळून जातो तिथे. आकडा घसरला की हात थांबवावा. मग त्या लाइनवरील सेन्सरांचे कपलर एकेक करून काढावेत आणि प्रत्येक वेळी मीटर पाहावा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्या कपलरच्या पिनांमध्ये आहे. सगळे कपलर काढूनही व्होल्टेज परत येत नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, ईसीयूचा कपलर काढावा आणि रेफरन्स वायर कुठे बॉडीला टेकली आहे का, हे मीटर ओहमवर (रेझिस्टन्स म्हणजे विद्युतरोध मोजण्यावर) ठेवून तपासावे. वायरही निर्दोष निघाली, तरच ईसीयूवर संशय घ्यावा. शॉर्ट झाला की स्वतःचा पुरवठा आवरून धरण्याची सोय बहुतेक ईसीयूंमध्ये असते आणि शॉर्ट दूर होताच पुरवठा पूर्ववत होतो. दहा मिनिटांनी आपली गाडी ठीक चालते, यावरूनही ईसीयू शाबूत असावा असे वाटते.

गाडी आपण जुनी घेतली असेल, तर ती २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात उभी होती का, याची जरूर चौकशी करावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर दीड वर्षाने अशीच तक्रार घेऊन एक गाडी आमच्याकडे आली होती. बाहेरून ती अगदी स्वच्छ दिसत होती. एसीच्या प्रेशर सेन्सरचा कपलर उघडला, तर आतल्या तिन्ही पिनांवर हिरवट भुकटी साचलेली होती आणि रबरी सीलच्या मागे बारीक गाळाची रेघ तशीच होती. चिमट्याने जरा दाब दिला, तर मधली पिन तुटून हातात आली. त्या एका कपलरमुळे गाडीचे दोन चांगले सेन्सर आधीच बदलले गेले होते. शेतालगत गाडी लावणाऱ्यांनी आणखी एक कारण ध्यानात ठेवावे : ऊस तुटून गेला की उंदीर घराकडे आणि बॉनेटखाली येतात, आणि वायरीचे आवरण कुरतडतात.

काढलेला जुना मॅप सेन्सर आपल्याकडे परत दिला असेल, तर तो टाकून देऊ नये. दोष दुरुस्त झाल्यावर तो लावून, चावी ऑन व इंजिन बंद ठेवून, स्कॅनरवर वाचन पाहावे. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर हवेचाच दाब दाखवतो. सांगलीत तो सुमारे ९५ किलोपास्कल यायला हवा, महाबळेश्वरच्या उंचीवर तोच सुमारे ८६ येईल. आकडा जुळला आणि इंजिन सुरू होताच तो झपाट्याने खाली आला, तर जुना सेन्सर चांगला होता असे समजावे.

प्रश्न : माझ्या गाडीत चावी फिरवताच रेडिएटरचा फॅन जोरात फिरू लागतो. ॲव्हरेजही कमी झाले आहे. कोड पी०११८. मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलू म्हणतो.
– द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : थर्मोस्टॅटचा येथे संबंध नाही. हा कोड कूलंटच्या तापमान सेन्सरचे व्होल्टेज जास्त असल्याचा आहे. या सेन्सरला दोनच वायरी असतात आणि तापमान वाढेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर तुटली तर ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि त्याचा अर्थ तो उणे ४० अंश असा लावतो. असे तापमान शक्य नाही हे ओळखून, इंजिन तापू नये म्हणून तो फॅन सतत चालू ठेवतो. स्कॅनरवर उणे ४० दिसत असेल, तर कपलर काढून त्याच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडाव्यात. वाचन एकदम १२० अंशांच्या वर गेले, तर वायरिंग चांगले असून सेन्सर बदलावा. ते उणे ४० वरच राहिले, तर वायर शोधावी. दुरुस्तीनंतर गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे पाहावे : कूलंट आणि इंजिनात जाणारी हवा यांच्या तापमानात दोन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नसावा.

अनेक सेन्सरांचे ‘जास्त व्होल्टेज’ असे कोड एकाच वेळी आले, तर मात्र त्यांची सामायिक अर्थिंगची वायर तपासावी. इंजिन चालू ठेवून सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थचा जोड साफ करून घट्ट करावा.

प्रश्न : मी आयटीआयचा विद्यार्थी आहे. टेस्ट लॅम्पने सेन्सरची वायर तपासू नये असे आम्हाला सांगतात. मग लॅम्प कशासाठी असतो?
– मिरज

उत्तर : प्रश्न चांगला आहे. साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प १२ व्होल्टवर पाव ते अर्धा अँपिअर करंट घेतो. सेन्सरची लाइन त्याहून कितीतरी कमी करंटसाठी असते. लॅम्प लावताच ती स्वतःच घसरते आणि नसलेला दोष दिसू लागतो. लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून टोक सिग्नल वायरला टेकवले, तर १२ व्होल्ट ईसीयूत शिरून तो खराब होऊ शकतो. चांगल्या डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, त्यामुळे ५ व्होल्टवर तो अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी करंट घेतो आणि सर्किटला धक्का लागत नाही.

पण याच कारणाने मीटर कधी कधी फसवतो. फ्यूजनंतरच्या १२ व्होल्टच्या वायरीत एकच तार शिल्लक असली, तरी मीटर पूर्ण १२ दाखवतो. लॅम्प मात्र करंट मागतो, त्यामुळे तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. म्हणून इंधन पंप, रिले आणि मुख्य अर्थिंग यांच्यासाठी लॅम्प वापरावा, ५ व्होल्टच्या वायरींसाठी मीटर. मीटरची सुई कपलरच्या मागच्या बाजूने पिनेलगत सरकवावी, वायरीचे आवरण टोचू नये. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि तिथेच पुढे हिरवा गंज धरतो. पिवळ्या आवरणातील वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना लॅम्पही लावू नये आणि मीटरही.