पोलीस ठाण्याची जागा : हरकत कशी आणि कोठे घ्यावी?

नियोजित पोलीस ठाण्यांच्या जागांविषयी वाचकांनी विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या वसाहतीलगत पोलीस ठाणे प्रस्तावित आहे. नगरपरिषदेने विरोधाचा ठराव केला, तर प्रस्ताव रद्द होतो का?

नाही. एखाद्या भागात ठाणे असावे की नसावे आणि त्याची हद्द कोणती, हे राज्य शासन ठरवते. नगरपरिषदेसमोर येतो तो जागेचा प्रश्न. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ५८ नुसार शासकीय खात्याला स्वतःसाठी बांधकाम करायचे असल्यास संबंधित अधिकाऱ्याने किमान ३० दिवस आधी, नकाशे व तपशिलासह, नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे येथे नगरपरिषदेला, लेखी कळवावे लागते. प्रस्ताव विकास योजनेशी (शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या योजनेशी) किंवा बांधकाम नियमांशी विसंगत असल्यास, अथवा अन्य महत्त्वाचे कारण असल्यास, प्राधिकरण आक्षेप नोंदवू शकते. त्यानंतर अधिकाऱ्याने बांधकामाच्या आराखड्यात दुरुस्ती करावी किंवा आक्षेपासह प्रकरण शासनाकडे पाठवावे, आणि शासनाचा निर्णय होईपर्यंत काम सुरू करू नये, अशी तरतूद आहे. अखेरचा निर्णय शासनाचा असला तरी ही पायरी केवळ उपचाराची नाही, कारण ठरावात जे नोंदले जाते त्यालाच उत्तर द्यावे लागते. ‘आरोपींची वर्दळ वाढेल’ एवढ्याच कारणावर केलेला ठराव माझ्या मते दुबळा ठरतो. पोहोचरस्त्याची रुंदी, सांडपाण्याची व्यवस्था, शेजारच्या शाळेचे प्रवेशद्वार आणि विशेषतः जप्त वाहने ठेवण्यासाठी आवारात राखलेली जागा, यांविषयी नेमके प्रश्न विचारावेत. शेवटच्या मुद्द्याचा विसर पडला, तर पुढे ती वाहने वर्षानुवर्षे पदपथावर गंजत राहतात, हे बहुतेक शहरांनी पाहिले आहे.

प्रश्न : विकास योजनेत खेळाचे मैदान म्हणून आरक्षित असलेल्या भूखंडावर ठाणे बांधण्यास सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली आहे. एवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. मंजूर योजनेतील आरक्षण बदलण्यासाठी याच अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदलाची कार्यवाही करावी लागते : राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिन्याची मुदत, बाधितांना नोटीस, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. शिवाय फेरबदलामुळे योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेकायदेशीर ठरवला होता. त्या प्रकरणात लाभार्थी खासगी संस्था होती आणि पोलीस ठाणे हे सार्वजनिक प्रयोजन आहे, हा फरक मात्र लक्षात ठेवावा. केवळ त्या निकालावर विसंबून राहू नये. हरकतीत परिसरात अन्य मैदान किती अंतरावर आहे आणि ठाण्यासाठी दुसरा कोणता भूखंड उपलब्ध आहे, हे नकाशासह दाखवावे. हरकत मुदतीत दाखल करून पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. सामूहिक सह्यांचे निवेदन मंत्र्यांना दिल्याने ही वैधानिक हरकत नोंदवली गेली असे होत नाही.

प्रश्न : माझी जमीन दहा वर्षांहून अधिक काळ ठाण्यासाठी आरक्षित आहे, संपादन झालेले नाही. ती मोकळी होईल का?

आपोआप होणार नाही. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार मालकी हक्काच्या कागदपत्रांसह नोटीस द्यावी लागते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. संपादनाचा नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे अशी पावले नव्हेत, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये लावला. नोटीस नगरपरिषदेबरोबरच पोलीस खात्यालाही द्यावी, म्हणजे ‘आम्हाला कळलेच नाही’ असे म्हणायला वाव राहत नाही.

प्रश्न : गावच्या गायरानात पोलीस चौकी होऊ शकते का?

होऊ शकते, परंतु अटीवर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम २२अ गायरानाचा अन्य वापर सर्वसाधारणपणे रोखते. शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी अपवाद करता येतो, मात्र दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसली पाहिजे. म्हणून ग्रामसभेने केवळ विरोध नोंदवण्याऐवजी पर्यायी शासकीय जमिनीचा गट क्रमांक व क्षेत्र ठरावातच लिहावे आणि सोबत सातबारा जोडावा.