हौस म्हणून मोबाइल ॲप बनवायचं आहे, थोडंफार पायथॉन येतं. सुरुवात कुठून करू?

अँड्रॉइड फोन असेल तर सरळ अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या, फुकट आहे. भाषा कोटलिन. 'फ्लटर (ॲप बनवायचं दुसरं साधन) की कोटलिन' या वादात पडू नका. मी त्यात दोन महिने घालवले आणि एक बटणसुद्धा बनवलं नाही.

लॅपटॉपला ८ जीबीच रॅम असेल तर एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) रडतखडत चालतो. त्यापेक्षा स्वतःचा फोन केबलने जोडा. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा, म्हणजे लॅपटॉपवरून ॲप थेट फोनवर चालवता येतं.

पहिलं ॲप घरच्या गरजेचं घ्या. माझं दुधाच्या हिशेबाचं होतं: तारीख, किती लिटर, महिन्याची बेरीज. लॉगिन नाही, सर्व्हर नाही. तरी फोन आडवा केला की टाकलेला आकडा गायब! स्क्रीन फिरली की अँड्रॉइड ती नव्याने उभी करतं, हे तेव्हा कळलं. जेटपॅक कंपोजमधलं (कोटलिनमध्ये स्क्रीन बनवायचं साधन) 'रिमेंबर सेव्हेबल' वापरल्यावर आकडा टिकला.

प्ले स्टोअरची घाई नको. नोंदणीचे एकदाच २५ डॉलर, शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. स्वतःच्या फोनवर वापरायला यातलं काहीच लागत नाही.