ड्रॅगन फ्रूट पिवळं पडलं की फवारणीचा पंप उचलू नका, आधी मुळी उकरून बघा

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की माझा मोबाईल पिवळ्या फोटोंनी भरतो, यंदाही तेच. तीन प्रश्न एकत्र घेतोय. जतकडच्या एका दादांचा दोन वर्षांचा ड्रॅगनचा प्लॉट, पोलवरच्या वरच्या फांद्या पिवळ्या पडल्यात, दुकानदाराने १९:१९:१९ हे विद्राव्य खत, ह्युमिक नावाचं टॉनिक आणि वर एक बुरशीनाशक असं अख्खं पॅकेज हातात ठेवलंय, मारू का म्हणतायत. सांगोल्याच्या दादांच्या फांद्या सुरकुतल्यात, पाणी दुप्पट केलं तरी फुगत नाहीत. आणि एका ताईंनी कुंड्यांत कटिंग लावली, निम्म्याहून जास्त बुडापासून मऊ पडली.

जतचे दादा, मारू नका. पिवळं कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. दुपारनंतरचं ऊन लागतं ती दक्षिण-पश्चिम बाजू पिवळी आणि त्याच फांदीची पलीकडची बाजू हिरवीगार, असं असेल तर ती खताची भूक नाही, ऊन आहे. भूक असती तर ऊन-सावली बघून पिवळं पडलं नसतं. ड्रॅगन निवडुंगाच्याच कुळातलं, आणि निवडुंग म्हटलं की लोकांना वाटतं वाळवंटातलं झाड, तापू दे किती तापायचं ते. पण हा वेल मूळचा मध्य अमेरिकेतल्या जंगलातला, मोठ्या झाडांवर चढून अर्धवट सावलीत वाढणारा. आपल्याकडे आपण त्याला उघड्या माळावर सिमेंटच्या पोलवर चढवतो आणि पारा ४० च्या पुढे गेला की मग औषध शोधत फिरतो. उन्हाला औषध नाही, उन्हाला सावली.

आता त्या पॅकेजचं. करपलेल्या झाडाला नत्र (खतातलं नायट्रोजन) दिलं की लुसलुशीत फूट निघते, ती आठ दिवसांत पुन्हा करपते, आणि त्याच करपलेल्या जागेतून पावसात बुरशी आत शिरते. म्हणजे खताचं बिल आत्ता आणि बुरशीनाशकाचं बिल जुलैमध्ये, दोन्ही त्याच काउंटरवर. शिवाय ड्रॅगनच्या सालीवर मेणाचा जाड थर असतो आणि दिवसा त्याची रंध्रं, म्हणजे सालीवरची बारीक छिद्रं, बंद असतात, ती उघडतात रात्री, त्यामुळे दुपारी बारा वाजता मारलेलं टॉनिक झाडात फारसं जात नाही, वरच वाळतं आणि डाग पाडतं. लिटरला पाच ग्रॅम सांगितलं म्हणून जोर यावा म्हणून दहा टाकणारे मी दर उन्हाळ्यात बघतो. गंधक तर एप्रिल-मेच्या उन्हात अजिबात नको, त्यानेच फांद्या भाजलेले प्लॉट मी पाहिलेत आणि मालक सांगतात "साहेब रोग आलाय". रोग नाही, डोस आलाय.

करायचं काय, तर यंदापुरतं ३५ ते ५० टक्क्यांचं शेडनेट वरून आणि पश्चिमेकडून बांधा. नेट जमत नसेल तर केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) लिटरला ५० ग्रॅम, सकाळी लवकर, फांदी पांढरी दिसेल इतकं. पिवळ्या फांद्या लगेच छाटू नका, त्या खालच्या फांद्यांना सावली देतायत. हलकं पिवळं सावली मिळाली की पुन्हा हिरवं होतं, पांढरं पडून वाळलेलं होत नाही, ते पावसाच्या आधी काढा आणि कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

पण माझं खरं मत विचाराल तर शेवरी लावा, भराभर वाढणारं सावलीचं झाड. मिरजेकडच्या पानमळ्यात शेवरी, हादगा लावून वेलाला सावली देतात, ते आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, ड्रॅगन पण वेलच आहे की! जूनमध्ये ओळीच्या पश्चिम अंगाला बी टोका, पुढच्या उन्हाळ्यात सावली तयार. फुलं यायच्या टायमाला ऊन लागतं म्हणून पावसाळा लागला की शेवरी छाटायची, पाला बुडाला आच्छादनाला. हे कुठला दुकानदार सांगणार नाही कारण यात विकायला काही नाही.

सांगोल्याचे दादा, तुम्ही पाणी दुप्पट केलं तिथेच गडबड झाली. पाणी कमी पडलं तरी फांदी सुरकुतते आणि मुळी कुजली तरी सुरकुतते, कारण कुजलेली मुळी पाणी ओढणार कशी. वरून बघून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून खुरप्याने बुडाशी हलक्या हाताने उकरा, बहुतेक मुळ्या वरच्या फुटाभरातच असतात. पांढरी, टणक मुळी म्हणजे तहान, पाणी द्या. तपकिरी, साल सुटून हातात येते, वास येतो म्हणजे कुजलीय, मग ड्रिप आठ-दहा दिवस बंद, ड्रिपर बुडापासून फूटभर लांब, बुडाशी पाणी थांबत असेल तर चर काढा. ओल्या जमिनीत औषधाची आळवणी, म्हणजे बुडाशी औषधाचं पाणी ओतणं, हे अजून पाणीच. आधी वाळू द्या, मग बोला. आणि रोटाव्हेटर ओळीच्या जवळ नेऊ नका, त्या उथळ मुळ्या तुटल्या की तिथूनच कूज सुरू.

पावसातली कँकर, हा फांद्यांवरचा बुरशीचा रोग, वेगळी. बारीक नारिंगी-तपकिरी ठिपके, मग खरवड. त्या फांद्या कापून जाळा, कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, लेबल स्वतः वाचून. ते एप्रिलमध्ये मारून ठेवायची गरज नाही.

योजनेचं रोज विचारताय म्हणून थोडक्यात. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात ड्रॅगनच्या लागवडीला अनुदान आहे, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, पैसे हप्त्याने आणि पुढचे हप्ते झाडं जिवंत असतील तरच. रक्कम या वर्षीच्या सूचनेत बघा.

ताई, तुमचं सोपं आहे. कटिंग कापलं की त्याच दिवशी मातीत खोचलं ना? पाच-सात दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यायचा, खपली धरली की मग लावायचं. माती अर्धी वाळू किंवा बारीक खडी मिसळून, कुंडीला खाली भोक हवंच आणि ताटलीत पाणी साठू द्यायचं नाही. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, आणि संध्याकाळी. मऊ पडलेली फेकू नका, टणक हिरवा भाग दिसेपर्यंत वर कापत जा, कापात तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर, आणि वरचा तुकडा पुन्हा सुकवून लावा. रूटिंग पावडर (मुळं फुटायची) नसली तरी चालतं, कुणी गळ्यात मारली असेल तर राहू दे कपाटात.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना फांदीबरोबर उकरलेल्या मुळीचाही पाठवा, नुसती पिवळी फांदी पाठवलीत तर मी पुन्हा हेच विचारणार.