सासऱ्यांचं व्हर्जिनियातलं घराणं जमिनीच्या कागदांवरून शोधता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरचं घराणं १७०० च्या आधी इंग्लंडहून व्हर्जिनियात आलं असं सासरे सांगतात. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळत नाहीत, १८५० च्या आधीच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशिवाय कोणाचं नाव नाही. मग खरेदीखतं आणि मृत्युपत्रं लावून वंशावळ जुळेल का?

जुळते. व्हर्जिनियात तर बहुतेक वेळा तेवढाच मार्ग उरतो. मी इथे टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीची मालकी मागे शोधत जायचं काम करते, त्याआधी पुण्यात वकिलांकडे सर्च रिपोर्ट लिहायचे. त्या सवयीने सांगते, माणसाच्या मागे लागण्याआधी जमिनीच्या मागे लागा. एकाच काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एकाच नावाचे तीन-तीन विल्यम निघतात, पण ओढ्याकाठचा तीनशे एकरांचा तुकडा एका वेळी एकाच्याच मालकीचा असतो.

मात्र आपली एक सवय सोडावी लागेल. आपल्याकडे बाप मयत झाला की वारसनोंद होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर मुलांची नावं चढतात. व्हर्जिनियात असं काही नव्हतं. १७८५ च्या कायद्याने पद्धत बदलेपर्यंत, मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन थोरल्या मुलाची, आणि त्याचा वेगळा कागद होत नसे. त्यामुळे नसलेला कागदही बोलतो. डीड बुकांच्या, म्हणजे खरेदीखतांच्या नोंदवह्यांच्या, इंडेक्समध्ये दोन याद्या असतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. तुमचा माणूस १७६० मध्ये तीनशे एकर विकतोय, घेणाऱ्यांच्या यादीत तो कुठेच नाही, त्याच्या नावे सरकारी पट्टाही (सरकारने पहिल्यांदा जमीन दिल्याचा कागद) नाही. मग जमीन आली कुठून? बापाकडून, निपुत्रिक काकाकडून, किंवा बायकोच्या माहेरून. आता त्याच ओढ्यावरचा तेवढाच तुकडा त्याआधी कोणाकडे होता ते काढायचं. तिथे बहुतेकदा मागची पिढी सापडते.

वॉशिंग्टन घराण्याचं उदाहरण घेते, कारण ते छान उलगडलेलं आहे. जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५० च्या दशकात व्हर्जिनियात आला. १६७४ मध्ये त्याला आणि निकोलस स्पेन्सरला पोटोमॅक नदीकाठी लिटल हंटिंग क्रीक या ओढ्यावर ५,००० एकर मिळाले. त्यातला अर्धा वाटा पुढे मुलगा लॉरेन्सकडे आला. लॉरेन्स १६९८ मध्ये वारला. मुलगे असूनही हा तुकडा त्याने मुलीला, मिल्ड्रेडला दिला. १७२६ मध्ये मिल्ड्रेड आणि तिचा नवरा रॉजर ग्रेगरी यांनी तो तिचा भाऊ ऑगस्टीन याला १८० पौंडांना विकला. समजा तुमच्या हातात एवढंच खरेदीखत आहे: ग्रेगरी विकतोय, वॉशिंग्टन घेतोय. वरवर पाहता दोन परक्यांचा व्यवहार. पण ग्रेगरीकडे ही जमीन कशी आली असं विचारलं की त्याची बायको पुढे येते आणि तिच्यामागून तिच्या बापाचं मृत्युपत्र. पुढे ऑगस्टीनने १७४३ मध्ये ती थोरला मुलगा लॉरेन्स याला दिली. तो १७५२ मध्ये गेला आणि विधवेला हयातीपुरता हक्क राहिला. म्हणून १७५४ च्या अखेरीपासून १७६१ मध्ये वहिनी वारेपर्यंत लॉरेन्सचा सावत्र भाऊ जॉर्ज वॉशिंग्टन याच जमिनीवर, म्हणजे माउंट व्हर्ननवर, चक्क भाडेकरू होता, वर्षाला १५,००० पौंड वजनाच्या तंबाखूच्या बोलीवर!

चतुःसीमा वाचायचा कंटाळा करू नका. 'पांढऱ्या ओकपासून ईशान्येस इतके पोल, तिथून अमक्याच्या हद्दीने ओढ्यापर्यंत' असं वर्णन असतं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. ते कागदावर आखलं की शेजारचे तुकडे एकमेकांना बिलगतात आणि दोन विल्यमपैकी आपला कोणता ते कळतं. हद्दीला नाव आलेला शेजारी, खरेदीखताचा साक्षीदार, जामीन राहिलेला माणूस यांची यादी ठेवा. त्यांत मेहुणे-व्याही हमखास निघतात. विकताना बायकोची संमतीही बघा. नवऱ्याच्या जमिनीवर तिचा एक-तृतीयांश विधवा-हक्क असे, तो सोडताना तिला बाजूला घेऊन राजीखुशीने सोडतेस का असं विचारत. १७४० मध्ये मेरी आणि १७५१ मध्ये एलिझाबेथ संमती देत असेल, तर पोरांची आई कोण हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

मृत्युपत्र सापडलं तर त्यावर थांबू नका. मयताच्या मालमत्तेची यादी, हिशेब, वाटणी, पालकाची नेमणूक हे कागद कोर्टाच्या बाडात वेगळे असतात. यादी करायला शेजारी येत आणि डोणीपासून गादीपर्यंत सगळं किमतीसह लिहीत. मुलाने स्वतः पालक निवडला असेल तर तो चौदा वर्षांचा झालेला असतो, जन्मतारीख नसताना हा मोठा आधार. 'ऑर्फन' म्हटलेल्या मुलाची आई जिवंत असू शकते, बाप गेला एवढाच त्याचा अर्थ. 'सन-इन-लॉ' कधी सावत्र मुलगा असतो, 'कझिन' कधी पुतण्या. एखाद्या मुलाला एकच शिलिंग दिलं म्हणून बापाने त्याला घराबाहेर काढलं असं लगेच ठरवू नका, बऱ्याचदा त्याचा वाटा लग्नाच्या वेळीच मिळालेला असतो आणि त्याचं बक्षीसपत्र डीड बुकात सापडतं. तारखांचंही बघा. १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे डिसेंबर १७४० मध्ये लिहिलेलं मृत्युपत्र फेब्रुवारी १७४० मध्ये कोर्टात सिद्ध झालेलं दिसेल. नक्कलकाराला दोष देऊ नका.

सासऱ्यांना एक आधी सांगून ठेवा. मालमत्तेच्या याच यादीत गाई-घोड्यांच्या शेजारी गुलाम माणसांची नावं असतात, नुसती पहिली नावं आणि पुढे किंमत. तीही उतरवून घ्या. त्या माणसांचे वंशज आज त्यांना शोधत आहेत आणि अनेकदा एवढाच कागद त्यांच्या हाती लागतो.

काउंटी कोणती हे वर्षावर ठरतं. माणूस जागचा हलला नाही तरी तो १७३० मध्ये स्पॉट्सिल्व्हेनियात, १७४० मध्ये ऑरेंजमध्ये आणि १७५० मध्ये कल्पेपरमध्ये सापडू शकतो, कारण ऑरेंज १७३४ मध्ये निघाली आणि कल्पेपर १७४९ मध्ये. घराणं हॅनोव्हर किंवा न्यू केंटचं असेल तर मन घट्ट करा. यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून बऱ्याच काउंट्यांनी दप्तरं रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मध्ये ती तिथल्या आगीत गेली. अशा वेळी शेजारच्या काउंट्या चाळायच्या. सरकारी पट्ट्यांची पुस्तकं मात्र शाबूत आहेत, ती लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर घरबसल्या दिसतात.

आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर २०२४ पासून हस्तलिखितातला मजकूर शोधता येतो, अमेरिकेचे जमिनीचे आणि प्रोबेटचे (मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करण्याचे) कागद त्यात सुरुवातीपासून आहेत. पूर्वी इंडेक्समध्ये न येणारे साक्षीदार आणि शेजारीही आता सापडतात. आडनावाची स्पेलिंगं चार-पाच प्रकारे टाकून बघा, आणि आडनावासोबत ओढ्याचं नावही टाका. सासऱ्यांना आधी तेवढंच विचारा: जुन्या शेतातून कोणता ओढा जायचा?