इटालियन रेड वाइन इतकी आंबट-तुरट का लागते? माझी बाटली खराब होती का?

तुम्ही लिहिलंय की भेट आलेली कियांती रात्री नुसतीच चाखली, सोबत काही खाल्लं नाही, आणि जीभ पार सुकून गेली. बाटली बहुतेक ठणठणीत आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास किंवा व्हिनेगरचा भपकारा आला असता तर गोष्ट वेगळी होती.

कियांती इटलीतल्या टस्कनी प्रांताची, मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची (गळ्यावर काळा कोंबडा असेल तर ती कियांती क्लासिको, त्यात हे द्राक्ष किमान 80 टक्के). पुस्तकं म्हणतात, आंबट चेरीची चव. आपल्याला चेरी म्हणजे केकवरची पाकातली, म्हणून मी आमसूल म्हणते, आणि मागून कोऱ्या चहाचा तुरटपणा. हा तुरटपणा टॅनिनचा. ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून उतरतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जीभ खरखरीत होते. जांभळं खाल्ल्यावर होते ना, तशीच. सोबत चीज किंवा मटण असलं की टॅनिन त्यांना जाऊन चिकटतं आणि जीभ सुटते. टोमॅटोच्या सॉसबरोबर तर आंबटपणा टोचतच नाही.

हे मला इटलीतल्या तुरीन शहरात नोकरीनिमित्त दोन वर्षं राहिल्यावर कळलं. तिथे वाइन जेवणाच्या ताटाबरोबरच येते. घरमालकीणबाईंनी पहिल्यांदा बरोलो ओतली तेव्हा रंग बघून वाटलं, पाणी घातलंय की काय! फिकट लाल, पेल्याच्या कडेला विटकरी झाक. वास गुलाबाचा आणि, खरंच सांगते, नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्याचा. घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या. एवढ्या फिकट वाइनमध्ये एवढं टॅनिन, ही नेब्बिओलो द्राक्षाची गंमत. बरोलो किमान 38 महिने मुरवूनच विकायला काढतात, त्यातले 18 लाकडी पिंपात, आणि तरीही ती तरुणपणी कडकच असते. बाई स्वतः रोज मात्र बार्बेरा प्यायच्या. आंबट, पण तुरटपणा अगदी कमी, आणि खिशाला परवडणारी. तुम्ही पुढची बाटली तीच घ्या.

काहीतरी गोडसर, भरदार हवं असेल तर दक्षिण इटलीची प्रिमितिव्हो. आमारोने नावाची वाइन त्याहून दमदार, कारण तिची द्राक्षं तीन-चार महिने सुकवून मग गाळतात. महाग आहे, आणि मला दोन घोटांपुढे जात नाही. सांजोवेझेची सवय करायची तर आपल्या अकलूजलाही ते द्राक्ष लावलंय, फ्रातेल्ली कंपनीची त्याची वाइन मिळते.

आणखी एक, रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी हे युरोपातल्या खोलीबद्दल आहे, साधारण 16-18 अंश. आपल्या 32 अंशांत दारूचा वासच नाकात जातो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उरलेली कियांती बूच लावून फ्रिजमध्येच दोन-तीन दिवस टिकेल. उद्या पास्ता करा, नाहीतर चीज घातलेलं ऑम्लेट.

फक्त तिखटापासून सांभाळा. पुण्याला परतल्यावर मी जपून आणलेली बरोलो हौसेने तांबड्या रश्श्याबरोबर उघडली. मिरचीने तुरटपणा दुप्पट झाला, नवऱ्याने गुपचूप ताकाचा ग्लास पुढे केला, आणि बरोलो दुसऱ्या दिवशी चीजबरोबर संपवली.